दोन इंच जादा

१४ डिसेंबर, रविवार

वही तेजीनं आणून दिली. तेजी म्हणजे तेजश्री, माझी नात, वीस वर्षांची. म्हणाली, "आजी, दिवसभर नुसती उठबस करतीस. जरा एका जागी बसून बोल, लिहून ठेवू." मला अक्षर येत नाही. म्हणून मी बोलायचं आणि सुनेनं लिहायचं. सून सविता. गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवते, टीप सरळ असते, तेव्हा अक्षरही सरळ असणार. मी "हाय" म्हणते आणि ती "आहे" लिहिते, वाचून दाखवते तेव्हा कळतं. चालू दे. निमोणे गावात एक तरी घर शुद्ध असावं.

आज पार्सल आलं. काळाकुळकुळीत पोशाख, मानेपासून घोट्यापर्यंत एकसंध, नव्या ट्यूबसारखा वास. तेजी म्हणते वेटसूट. थंड पाण्यात पोहताना घालतात.

कशासाठी ते सांगते. तेजीला हिमाचलात जायचंय. तिथं डोंगरातल्या तळ्यावर बुडत्याला बाहेर काढणाऱ्या पोरापोरींचं पथक आहे. नऊ महिने शिकवतात, मग कामावर घेतात. पण आधी व्हिडिओ मागतात. थंड पाण्यात वीस मिनिटं पोहायचं, पाण्यातूनच छोट्या होडीत चढायचं आणि वीस मिनिटं वल्हवायचं. मधे कुठं व्हिडिओ तुटला की बाद. दोन जानेवारीच्या आत पाठवायचाय. पोरगी पोहते माशासारखी, मीच शिकवलंय, पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत सोडली होती. पण अंगावर मांस नाही. गारठ्यात दहा मिनिटं झाली की दात वाजतात.

शेजारची अंजना पार्सल बघायला आली. तिनं पोशाख हातात तोलला. "वेटसूट म्हंजी वेट कमी करायचा का, मावशी? माझ्या भाचीचं लग्न हाय, आठ दिवस द्या की." मी म्हणलं, "तू घातला तर सूटचाच वेट वाढंल."

सविता हसली नाही. ती हे लिहितानाही हसत नाहीये.

१६ डिसेंबर, मंगळवार

पोशाख घालायला पाऊण तास. आधी उलटा घातला. चेन पुढं घेतली, पुढं असते तशी. चेनीला हातभर दोरी होती, ती मी परकराच्या नाडीसारखी पोटावर बांधली. तेजी चालायला लागली तर गुडघ्यावरचे जाड तुकडे पोटऱ्यांवर आलेले. मोबाईलात बघितल्यावर कळलं की चेन पाठीला असते.

काढून पुन्हा घालायला घेतला, तर टाच अडकली. ओढून ओढून तेजी घामाघूम. मग मला शिरूरची कासारीण आठवली. घट्ट बांगडी भरताना ती हाताला कॅरीबॅग घालते. मी तेजीच्या पायाला दुधाची पिशवी घातली, पाय सुर्रकन आत. पोरगी म्हणाली, "आजी, इंटरनेटवर पण हीच आयडिया हाय." मी म्हणलं, "इंटरनेटला कासारणीनं सांगितलं असंल."

वर सगळा बसला, पण कमरेत आणि पाठीत चिमूट धरता येते. तेजी आरशासमोर उभी राहून चिमटी धरत राहिली. "हा अंगाला चिकटून पाहिजे, कातडीवानी." मी म्हणलं, "सैल बरा. श्वास घेता येतो." सविता मशीनवर होती. तिनं मान वर केली नाही. दोऱ्याचं रीळ संपलेलं, तरी पाय चालूच.

मला जेवण गेलं नाही. पित्त.

१८ डिसेंबर, गुरुवार

काल पहाटे घोड नदीच्या फुगवट्यावर गेलो. धरणाचं पाणी मागं सरकून गावाच्या बाजूला पसरतं, त्याला आम्ही फुगवटा म्हणतो. उसाच्या फडातून जाताना गारठा असा की तोंडातून वाफ. माझा मुलगा दत्ता रात्रपाळी करून शिक्रापूरहून आला तोच गाडीवर आम्हाला सोडायला निघाला, एक डोळा झोपेत ठेवून.

तेजी पाण्यात शिरली. दहा हात गेली आणि पोशाख फुगला. मानेतून पाणी आत, कमरेत गोळा, पाय मारला की पाठीतून बाहेर, परत नवं गार पाणी आत. अकरा मिनिटांत काठावर. उभी राहिली तर दोन्ही पोटऱ्यांत पाण्याचे हंडे. ओठ जांभळाच्या रंगाचे. तिला बोलता येईना.

दत्ता म्हणाला, "फसवलं दुकानदारानं. पाणी आत येतंय म्हंजी माल खराब."

तेजीचे दात वाजत होते. "पाणी... येतंच आत, पप्पा. थोडंच यायचं. तेच अंगानं गरम व्हतं. आन् तेच राहतं. हा सैल हाय... म्हणून सारखं नवं येतंय."

मग मला आठवलं. आठवून मी खाली बसले. दगड ओला होता, ते नंतर कळलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

खरं ते लिहायचं. चूक माझी.

मापं पाठवायची त्या दिवशी सविता टेप लावून एकेक आकडा सांगत होती, तेजी मोबाईलात भरत होती. मी शेजारी वाटाणे सोलत बसलेले. मी म्हणलं, "वाढत्या अंगाचं घ्या. दोन इंच जादा सांग." आमच्यात असंच घेतात. दत्ताची शाळेची चड्डी तिसरीत घेतली ती सातवीत बसली. अंग वाढतं, कपडा वाढत नाही. सवितानं ऐकलं आणि छाती, कंबर, पाठ, सगळ्यात दोन-दोन इंच वाढवून सांगितलं. आता पोशाख पाण्यात जाऊन आलाय, दुकान परत घेत नाही. दुसरा यायला तीन आठवडे. पोरीचं जाणं माझ्या तोंडामुळं अडलं.

(आत्या बोलल्या तसं लिहिलं. आता माझं लिहिते. सोळा वर्षं शिवतेय. आत्या प्रत्येक कपड्याला दोन इंच जादा म्हणतात आणि मी एकदाही वाढवलं नाही. म्हणायचं हो, आणि कापायचं मापात. तेजीनं मला आधी सांगितलं होतं की हा कातडीसारखा बसायला पाहिजे. मला माहीत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी आत्यांचं ऐकलं. एवढ्या लांब, एवढ्या पाण्यात माझी एकुलती पोर. मी चूक केली नाही, मी मुद्दाम केलं.)

पान भरलं, म्हणते सविता. मी चार वाक्यं बोलले असेन. विचारलं, "एवढं काय लिहितीस?" म्हणाली, "अक्षर नीट काढतेय, आत्या." अक्षराला फार जागा लागते. मी शिकले नाही ते बरं.

२० डिसेंबर, शनिवार

काही नाही. निवडलेली डाळ परत निवडली. एकही खडा नव्हता.

२३ डिसेंबर, मंगळवार

सवितानं परवा सकाळी पोशाख उचलला, मशीनवर आलेले संक्रांतीचे सगळे ब्लाऊज खाली ठेवले आणि तेजीला म्हणाली, "उभी राहा. घाल." मग खडूनं पाठीवर रेघा मारल्या.

मशीनची सुई त्याला चालत नाही. दोन मोडल्या. आरपार टीप घातली तर भोकातून पाणी येणार. तेव्हा तिनं हातसुई घेतली. रबर अर्ध्या जाडीपर्यंत टोचायचं, पलीकडं सुई निघू द्यायची नाही. बाहेरून तसं, मग आतून तसं. आधी कडा चिकटवायच्या. चिकटवायला काय, तर रखमाजीच्या पंक्चरच्या दुकानातून मी सोल्युशन आणलं. रखमाजी म्हणाला, "आजीबाई, कुठल्या गाडीचं?" मी म्हणलं, "नातीचं. ट्यूबलेस हाय."

तीन दिवस झाले, सविता एकाच जागी बसून आहे. बोटांची टोकं काळी. मी म्हणलं, "सविते, माझी चूक तू कशाला निस्तरतीस? जेव तरी." ती म्हणाली, "बसू द्या मला, आत्या." आवाज असा की मी मागं सरले. तिला पोरीनं जावं असं कधी वाटलं नाही, मला ठाऊक आहे. म्हणूनच नवल वाटतं. माझ्यावरचा राग सुईवर काढत असेल.

मी मात्र एका जागी बसत नाही. गोठ्यात जाते, परत येते. कडी लावली का बघते, लावलेली असते.

२६ डिसेंबर, शुक्रवार

पोशाख बसला. चिमूट धरायला जागा नाही. तेजी आज पाण्यात पंचवीस मिनिटं होती आणि बाहेर येऊन नीट बोलली. म्हणाली, "पहिली दोन मिनिटं काटा येतो, मग आत चहा ओतल्यागत वाटतं."

पण हात वर जाईना. सवितानं काखेत जास्तच आवळलं होतं. पोहताना जमलं, पण काठावर वल्हं म्हणून काठी हातात दिली, तर दहा वेळा ओढून खांदे भरले.

सवितानं काखेत बोटं घालून बघितली. "मुंढा तोकडा पडला. कळी घालावी लागंल."

मुंढा म्हणजे बाही जोडतात तो घेर, आणि कळी म्हणजे काखेतला तो तिकोनी तुकडा, हात उचलता यावा म्हणून घालतात. त्या पोशाखाचं जादा कापड कुठून आणायचं? तिनं दोन्ही पायांच्या टोकाकडून चार-चार बोटं कापली. तेजी म्हणाली, "आई, घोटे उघडे पडतील." सविता म्हणाली, "घोटे गारठले तर गारठू दे. हात मोकळं पाहिजेत."

हे वाक्य मला आवडलं, म्हणून सांगून ठेवते. सविता लिहायला नको म्हणत होती.

२९ डिसेंबर, सोमवार

दौंडला आलो, सविताच्या माहेरी. इथं भीमेचा फुगवटा आहे, उजनीचं पाणी थेट इथवर येतं. तिचा भाऊ सतीश पाहुण्यांना होडीतून रोहित पक्षी दाखवतो, आणि त्याच्याकडं ती एकट्याची छोटी होडी आहे, कयाक. शेंगेसारखी असते, मधे एक दाणा बसतो.

चौफुल्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं. तेजी खिडकीला डोकं लावून झोपली, तिच्या मांडीवर पोशाखाची पिशवी. सवितानं पूर्ण वाटभर त्या पिशवीवर हात ठेवला होता, गचके बसले तरी काढला नाही.

सतीश म्हणाला, "ताई, व्हिडिओ मी काढतो, होडी माझा पोरगा चालवंल." सविता म्हणाली, "होडी तू चालव. व्हिडिओ मी काढणार." सतीश हसायला लागला. "ताई, तू आजवर होडीत पाय तरी ठेवलायस का?" नव्हताच ठेवला. पाण्याच्या काठावर वाढलेली बाई, पण बापानं धुणं धुवायच्या दगडापलीकडं कधी जाऊ दिलं नाही. भाऊ पोहायचे, ही त्यांचे कपडे सांभाळत बसायची. हे तिनं मला लग्न होऊन आली त्या वर्षी सांगितलं होतं. आज विचारलं तर म्हणते, आठवत नाही.

३० डिसेंबर, मंगळवार

उजाडताना पाण्यावर धूर होता. मला काठावर खुर्ची टाकून दिली, अंगावर दोन गोधड्या. लांब उथळात रोहित एका पायावर उभे. मला दोन पायांवर धड उभं राहवत नव्हतं.

सवितानं होडीत पाय ठेवला तेव्हा होडी हलली. ती मटकन खाली बसली, डोळे मिटले, परत उघडले आणि मोबाईल समोर धरला. म्हणाली, "चालू केलाय. जा."

तेजी शिरली. वीस मिनिटं पोहली, होडीच्या बाजूनं, हात एका लयीत. मग कयाकवर पोटावर पडून चढली. पहिल्यांदा घसरली. माझी खुर्ची मागं पडली, मी उभी कधी राहिले ते कळलं नाही. दुसऱ्यांदा चढली. वल्हं घेतलं.

वारं सुटलं. पाण्याला सळ पडल्या. दहा मिनिटं नीट झाली, मग तिचे हात हळू झाले, मग थांबले. वाकून बसली. सतीशनं हात वर केला, थांबवू का म्हणून. माझ्या मनात आलं, थांबव. व्हिडिओ जाऊ दे, सगळं जाऊ दे, पोरगी घरी आण. मी ओरडायला तोंड उघडलं.

पाण्यावरून आवाज लांब येतो. सविताचा आवाज आला. "तेजे, हात चालव. मुंढा मोकळा हाय. चालव हात."

असा आवाज तिनं आजवर फक्त शेळीवर काढलाय. तेजीनं वल्हं उचललं.

चाळीस मिनिटं झाल्यावर सतीशनं शिट्टी मारली. तेजीला होडीत ओढून घेतलं, टॉवेल गुंडाळला. सविताचा मोबाईल धरलेला हात खाली येईना, तसाच वर. सतीशनं कोपर धरून तो खाली आणला. मग सविता पोरीला काहीतरी सांगत राहिली. हळू बोलत होती, मला ऐकू आलं नाही. बराच वेळ. तेजीनं मग ओलं डोकं आईच्या मांडीत खुपसलं. सविता दोन्ही हात लांब धरून बसलेली, पोरीला हात लावू का नको असं. शेवटी लावले.

काठावर आल्यावर विचारलं, "काय सांगत व्हतीस एवढं?" तेजीच म्हणाली, "चहा पी म्हणत व्हती." दोघींचे डोळे लाल. वारं फार होतं.

३ जानेवारी, शनिवार

व्हिडिओ परवा गेला. घरी आलो. उत्तर नाही. मी दर तासाला विचारते, तेजी म्हणते, "आजी, तुझा पास व्हायचाय का माझा?" सविता ब्लाऊज शिवते. उसवते आणि परत शिवते. अंजनाचा गळा तीनदा उसवला. माझं पित्त अजून गेलं नाही. ओवा खाल्ला, सोडा घेतला.

९ जानेवारी, शुक्रवार

घेतलं तेजीला. काल मेसेज आला. वीस तारखेला दौंडहून गाडीत बसायचं. पोशाख सोबत आणा म्हणालेत, आणि विचारलंय की काखेतलं काम कुठं करून घेतलं.

दत्तानं न्हावऱ्याला जाऊन फॉर्म छापून आणला. शेवटी पालकाची सही आहे. दत्तानं पेन काढलं तर तेजी म्हणाली, "पप्पा, तुमची नको. आईची पाहिजे." बाप घरात असताना आईची कशाला, मला उमजलं नाही. दत्तालाही उमजलं नाही. त्यानं पेन सवितासमोर ठेवलं.

सविता पेन उचलेना. रोज माझी पानंच्या पानं लिहिणारी बाई. मी म्हणलं, "अगं नावच लिहायचंय. कर की. तू दिवसरात्र सुई चालवली म्हणून पोरगी चालली. माप चुकवलं मी, आन् भरून काढलं तू."

तेव्हा तिनं वही तेजीकडं सरकवली. म्हणून आजचं सगळं तेजी लिहितेय. सविता माझ्या समोर येऊन बसली, खाली, पायाशी.

"आत्या, तुम्ही चुकवलं न्हाई."

"बरं बरं."

"बरं न्हाई. ऐका." मग तिनं सांगितलं. तेजीनं तिला आधीच बजावलं होतं की घट्ट पाहिजे. मी जादा म्हणले आणि तिला निमित्त मिळालं. सोळा वर्षं माझ्या दोन इंचांना नुसतं हो म्हणून मापात कापत आली, आणि त्या दिवशी मुद्दाम वाढवलं, पोरगी जाऊ नये म्हणून. तेजीला होडीतच सांगितलं होतं. मला सांगायचं राहिलं होतं. वहीतही लिहून ठेवलंय म्हणाली, माझ्या बोलण्याच्या मधे.

दत्ता काहीतरी बोलायला लागला, तेजीनं त्याला गप्प केलं.

मी तिच्याकडं बघितलं. बोटांची टोकं अजून काळी होती. मी म्हणलं, "सोळा वर्षांत माझा एक शब्द ऐकलास, सविते. आन् तो बी नेमका हाच."

ती आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम. तेजीचं लिहिणं थांबलं होतं, तिला म्हणलं, तू लिही. सविता उठली, फॉर्म मशीनवर ठेवला, आणि सही केली. पूर्ण नाव, सासरचं आडनाव सुद्धा, ओळीच्या बाहेर गेलं.

मी उठले. दारापर्यंत गेले, परत आले. खाली बसले, परत उठले. सविता म्हणाली, "आत्या, पित्त हाय का अजून?" मी म्हणलं, हाय. मग म्हणलं, न्हाई. ते पित्त नव्हतं.

वाटाणे सोलताना दोन इंच जादा म्हणले, ते सवयीनं म्हणले असं मी महिनाभर सांगतेय. तेजी आता वीस वर्षांची आहे. तिचं अंग वाढायचं केव्हाच थांबलंय, हे काय मला दिसत नव्हतं?

तेजी विचारतेय, "आजी, हे पण लिहू?"

लिही म्हणलं. आणि तुझ्या आईला वाचून दाखव.